आधी डिक्की, मग बंपर



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण बोलणं फिरून शेतावरच येणार आहे.

मागच्या दिवाळीत आम्ही गाडी घेतली. जुनीच, पण चांगली ठेवलेली. घरातली पहिली चारचाकी. पहिल्याच आठवड्यात भेंडीचे कॅरेट चढवताना मागच्या बंपरवर वीतभर ओरखडा पडला. खोटं कशाला सांगू, रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पनवेलला जाऊन बंपर रंगवून घेतला, त्यावर पारदर्शक फिल्म चढवली आणि दुकानदाराच्या आग्रहाने डिक्कीत जाड, मऊ मॅटिंग चिकटवून घेतलं. सगळे मिळून ११,५०० रुपये गेले. गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसायला लागली.

पुढे महिनाभराने वालावर मावा आला. अर्ध्या लिटरची औषधाची बाटली आणली. पिवळ्या त्रिकोणाची. पिशवीत घातली, पिशवी डिक्कीत टाकली, शेजारी युरियाची गोणी. वाटेत खड्ड्यात गाडी आपटली, गोणी कलंडली, बाटलीचं बूच दबलं आणि थोडं औषध गळलं. थोडं म्हणजे दोन-चार झाकणं असेल. घरी येऊन बाटली उतरवली, मॅटवर फडकं मारलं आणि विसरलो. मॅट मऊ होती. जेवढं गळलं ते सगळं पिऊन बसली होती.

दोन दिवसांनी गिरणीतून घरचे तांदूळ आणले. एक पोतं, त्याच डिक्कीत. तिसऱ्या दिवशी पहाटे भेंडीचे सहा कॅरेट भरले आणि बाजाराला निघालो. आईला मावशीकडे सोडायचं होतं, ती मागच्या सीटवर. अर्ध्या वाटेत म्हणाली, "डोकं चढलंय रे. वास कसला येतोय गाडीत?" मी म्हटलं, नवीन मॅटचा असेल. काच खाली केली आणि गेलो पुढे.

बाजारात नेहमीच्या व्यापाऱ्याने खालच्या कॅरेटमधली दोन भेंडी उचलली, नाकाजवळ नेली आणि परत ठेवली. भाव विचारला नाही, घासाघीस केली नाही. एवढंच म्हणाला, "दादा, हा माल मी घेणार नाही. आणि तुम्ही पण दुसऱ्याला देऊ नका." त्या वेळी राग आला. आज त्याचे आभार मानतो.

सहा कॅरेट परत आणून विहिरीपासून लांब खड्डा खणून पुरले. गुरांना घातले नाहीत. मग तांदळाची आठवण झाली. पोत्याचा बूड नाकाला लावला तर तोच वास. आई म्हणाली, "धुऊन खाऊ. अन्न आहे ते, टाकायचं कसं?" आमच्याच शेतातलं भात होतं ते, चिखलात वाकून लावलेलं. तेही त्याच खड्ड्यात गेलं. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

११,५०० रुपये घालून मी बंपर वाचवला होता. डिक्की वाचवायचं डोक्यातच आलं नव्हतं. डिक्की वाचवायची म्हणजे ओरखड्यापासून, एवढंच मला कळत होतं.

म्हणून आज माझं मत स्पष्ट सांगतो. शेतकऱ्याच्या गाडीत सगळ्यात आधी जपायची जागा म्हणजे डिक्की, किंवा पिकअप असेल तर हौदा. आणि तो नुसत्या ओरखड्यापासून नाही, औषध, खत आणि साचलेलं पाणी यांच्यापासून. बंपरचा नंबर त्यानंतर. दुकानात आपल्याला नेमकं याच्या उलट विकलं जातं, आणि आपण आनंदाने घेतो.

एकच गाडी, सगळी कामं

आपल्या पनवेल-उरणकडं शेत कमी होत गेलं आणि गाड्या वाढत गेल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांनी अजून चार-सहा गुंठे का होईना, भाजी ठेवली आहे, त्यांच्याकडं बहुतेक एकच गाडी असते. तीच लग्नाला जाते, तीच दवाखान्यात, तीच खताच्या दुकानात आणि तीच बाजारात. सकाळी ज्या डिक्कीत औषध येतं, त्याच डिक्कीत संध्याकाळी किराणा येतो आणि दुसऱ्या दिवशी पोराचं दप्तर. शहरातल्या माणसाची डिक्की म्हणजे सामान ठेवायची जागा. आपली डिक्की म्हणजे गोदाम, खळं आणि ताट, तिन्ही.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळी हे पान वाचतात, म्हणून त्यांनाही विचारतो. तुम्ही आम्हाला मात्रा सांगता, पाणी किती घ्यायचं ते सांगता, फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचं ते सांगता. आम्ही थांबतोही. माझ्या भेंडीवर तर ते औषध मारलंच नव्हतं, ते वालासाठी होतं. तरी माल विषारी झाला, कारण तो चुकीच्या फरशीवर बसला. सात दिवस थांबून कमावलेलं सात मैलांच्या प्रवासात घालवलं. दुकानापासून शेतापर्यंत औषध कसं न्यायचं, हे मला आजवर कुठल्याही मेळाव्यात कुणी सांगितलेलं आठवत नाही. सांगायला पाहिजे.

हे काही माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. १९५८ साली केरळात शंभरावर माणसं गव्हाच्या पिठातून विषबाधा होऊन मेली. पीठ आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक एकाच जहाजातून आलं होतं. औषध गळलं आणि पोत्यांत मुरलं. ना कुणी फवारणीत चूक केली होती, ना कुणी मुद्दाम विष घातलं होतं. माल ठेवायची जागा एक होती, एवढंच. त्या प्रकरणाची चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९७१ च्या नियमांत स्पष्ट आहे की कीटकनाशकाची वाहतूक किंवा साठवण खाण्याच्या मालाला किंवा जनावरांच्या खाद्याला लागेल अशी करायची नाही. म्हणजे आपल्या देशातल्या औषधांच्या कायद्याच्या मुळाशीच सामान ठेवायच्या जागेची गोष्ट आहे. जहाज मोठं, आपली डिक्की छोटी. चूक तीच.

ओरखडा वेगळा, गंज वेगळा

आता गाडीकडे येऊ. ओरखडा बघून घाबरायच्या आधी तो कशावर पडलाय ते बघा.

आजकालच्या छोट्या गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा असतो. प्लास्टिकला गंज चढत नाही. रंग गेला, खालचं काळं-करडं प्लास्टिक दिसलं, तर दिसायला वाईट, बाकी काही नाही. तो ओरखडा दहा वर्षं तसाच राहिला तरी गाडीला ताप येणार नाही. पण त्याच बंपरच्या वर, डिक्कीचं दार बंद होतं तिथली कड पत्र्याची असते. कॅरेट तिथे पण घासतो. तिथला रंग जाऊन चकाकता पत्रा दिसला, तर ते काम मिरगाच्या आत करा. पहिल्या पावसात तिथे तांबूस डाग येतो आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत रंगाखालून फुगवटा धरतो. नख फिरवून बघा. नख अडकलं आणि खाली पत्रा असेल तर दुरुस्ती. खाली प्लास्टिक असेल तर पैसे खिशात ठेवा.

पिकअपचं वेगळं. तिथे बंपरही बहुतेक लोखंडीच आणि हौदा तर अख्खा लोखंडाचा. तिथला प्रत्येक खोल ओरखडा म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण.

आणि आपण राहतो कुठे? अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि शेजारी खाडी. मीठ काय करतं हे पनवेलकराला शिकवायला नको. आपल्याच गावात खार जमीन संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या भाताच्या जाती त्यांनी काढल्या, पनवेल १, २, ३ ही नावं आपल्या तोंडात आहेत. भातासाठी मिठाचा एवढा विचार झाला. पत्र्यासाठी कोण करणार? पाण्यात मीठ असलं की गंज भराभर चढतो. ज्यांची पिकअप सकाळी भाजीला आणि दुपारी करंजा बंदरावरून मासळीच्या भाड्याला जाते, त्यांच्या हौद्यात बर्फाचं खारट पाणी रोज झिरपतं.

खतंही मिठाचीच भावंडं. एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्यातला क्लोराइड तोच जो मिठात असतो. युरिया आणि अमोनियम सल्फेट हवेतलं पाणी ओढून घेतात. फाटक्या गोणीतून मूठभर खत मॅटखाली गेलं की ते तिथे कधी सुकतच नाही, पावसाळाभर ओलं राहून पत्रा खातं.

मोरचुदाचं तर विचारूच नका. बोर्डो मिश्रण लोखंडी बादलीत करायचं नाही, हे आंबा-सुपारीवाल्या प्रत्येकाला आजोबांपासून ठाऊक आहे. मोरचूद लोखंड खातं आणि त्यावर तांब्याचा थर चढवतं. बादली आपण प्लास्टिकची घेतो. मग तीच मोरचुदाची पिशवी उघड्या पत्र्याच्या हौद्यात कशी टाकतो? बादली ८० रुपयांची, हौदा किती हजारांचा, हिशोब करा.

मॅट वाईट नाही, चिकटवलेली मॅट वाईट

मॅट घालूच नका असं मी म्हणत नाही. माझी चूक ती चिकटवण्यात आणि मऊ घेण्यात झाली. मऊ मॅट सांडलेलं पिते. चिकटवलेली मॅट उचलता येत नाही, म्हणून खाली काय चाललंय ते दिसत नाही. वरून चकचकीत, खालून गंज. तेव्हा डिक्कीत घालायची वस्तू तीन गोष्टींना उतरली पाहिजे: पाणी न पिणारी, कड उभी असलेली आणि एका माणसाला उचलून बाहेर काढून धुता येणारी.

बाजारात कडेच्या प्लास्टिक ट्रे मिळतात, चांगल्या असतात. पण माझ्याकडे आता जो इलाज आहे तो जवळजवळ फुकटचा आहे. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या कागदाचा तुकडा मित्राकडे उरला होता. तो डिक्कीच्या मापाच्या चारही बाजूंनी वीतभर जास्त घेतला. कोपरे कापले नाहीत, पाकिटासारखे दुमडले आणि वर क्लिपा लावल्या. कापलं की कोपऱ्यातून गळतं, दुमडलं तर गळत नाही. त्यावर रबराचा जाड तुकडा टाकला. कळंबोली-तळोज्याकडच्या भंगारवाल्यांकडे कारखान्यातल्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे मिळतात, फक्त तो बेल्ट आधी कशासाठी वापरला होता ते विचारून घ्या. रसायनाच्या कामातला असेल तर घेऊ नका. रबर आघात झेलतं, कागद ओल अडवतो. आठवड्यातून एकदा दोन्ही बाहेर काढतो, धुतो, उन्हात टाकतो.

रबराचा तुकडा मी मुद्दाम दोन हात जास्त लांब ठेवलाय. एरवी आत दुमडलेला असतो. माल चढवताना तो बाहेर ओढून बंपरवर पदरासारखा टाकायचा. कॅरेट त्यावरून सरकतो. बंपरही वाचला, पत्र्याची कडही वाचली. हा पदर आधी सुचला असता तर फिल्मचे पैसे वाचले असते.

पत्र्याच्या कडेला आणखी एक सोपी गोष्ट. ठिबकची जुनी १६ एमएमची लॅटरल सगळ्यांच्या बांधावर पडलेली असते. लांबीत एका बाजूने चिरा आणि हौद्याच्या किंवा फाळक्याच्या पातळ कडेवर दाबून बसवा. घट्ट बसते. झिजली की बदला. फक्त डिक्कीचं दार जिथे रबरावर बंद होतं तिथे लावू नका, दार नीट बसणार नाही आणि पाणी आत येईल.

डिक्कीचं खालचं पोट बघा

बहुतेक छोट्या गाड्यांत डिक्कीच्या फरशीखाली स्टेपनीची जागा असते. ती उघडून शेवटची कधी बघितली? मी मॅट काढल्यावर बघितली. तळाला पाणी, त्यात वालाचा भुसा आणि युरियाचे पांढरे डाग. त्या खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं. धुताना ते काढायचं, पाणी जाऊ द्यायचं, पूर्ण सुकल्यावर परत लावायचं. पिकअपच्या हौद्याला पाणी जायची भोकं असतात, ती पेंढ्याने आणि मातीने बुजतात. पावसाळ्यात दर आठवड्याला तारेने मोकळी करा. याला एक रुपया लागत नाही, पण गाडीचं आयुष्य यावर जेवढं अवलंबून आहे तेवढं कुठल्याच कोटिंगवर नाही.

पत्र्याला तांबूस डाग आलाच असेल तर वरून रंग फासू नका. गंजावर मारलेला रंग म्हणजे गळवावर लावलेली पावडर. आधी पॉलिश पेपरने घासून चकाकता पत्रा काढा, पुसा, पूर्ण सुकवा, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर रंगाचे दोन हात. हे काम एप्रिल-मे मध्ये करायचं. पावसात कितीही भारी रंग आणा, ओल आत कोंडते.

जुनं इंजिन ऑइल गाडीच्या खालून मारायची पद्धत आपल्याकडं आहे. माझं मत, करू नका. ते रबराचे भाग फुगवतं, शेतात थेंब थेंब गळतं आणि हौद्यात उडालं तर भाजीला लागतं. गंज वाचवायला जमीन घाण करायची, यात शेतकऱ्याचा कसला फायदा?

औषध आणायचं कसं

आता मी असं करतो. रंगाची २० लिटरची रिकामी बादली, घट्ट झाकणाची. औषधाची बाटली त्यात उभी, भोवती वर्तमानपत्राचे बोळे. झाकण बंद. बादली कोपऱ्यात बांधलेली, तिच्या अंगावर गोणी पडणार नाही अशी. बादलीवर लाल रंगाने खूण केली आहे आणि ती दुसऱ्या कशालाही वापरत नाही. ज्या दिवशी औषध त्या दिवशी किराणा नाही, माल नाही, मागे माणूस नाही. जमलं तर दुचाकीच्या मागे बादली बांधूनच आणतो. तांदूळ-भाजीसाठी वेगळी ताडपत्री, आणि कॅरेटखाली लाकडी फळ्या, म्हणजे फरशीवर काही राहिलं असेल तरी माल टेकत नाही आणि खालून हवाही फिरते.

तरी गळलंच तर? पाणी ओतू नका. पाण्याने ते पसरतं आणि शेवटी ओढ्यात जातं. हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा. कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाका, शोषू द्या, गोळा करून विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब खोल पुरा. मग साबणाच्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. कापड, कारपेट, मऊ मॅट भिजली असेल तर तिचा मोह सोडा, आणि ती जाळू नका, त्या धुराचा वेगळा त्रास. वास गेला म्हणजे औषध गेलं, हाही समज काढून टाका. सगळ्या औषधांना वास नसतो. मला वास आला हे माझं नशीब. कुणाला मळमळ, घाम, डोकं जड असं काही झालं तर बाटलीचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा.

खत सांडलं तर आधी कोरडंच झाडून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा. उलट केलंत तर खत विरघळून प्रत्येक सांध्यात जाईल.

आणि तो पुढचा लोखंडी गार्ड

बंपर वाचवायचा म्हणून पुढे लोखंडी गार्ड लावायची हौस आपल्याकडं फार. मीही भाव विचारून आलो होतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की असे क्रॅश गार्ड, बुलबार म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग आहे, कारवाई करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण दंड बाजूला ठेवा. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपावा म्हणूनच तसा बनवलेला असतो. तो चेपतो तेव्हा धक्का तो खातो, आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. गार्ड सरळ चॅसिसला बोल्टने आवळलेला असतो. तो चेपत नाही, धक्का आत पाठवतो. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या सेन्सरचंही गणित त्याने बिघडू शकतं. आणि समोर जर पायी चाललेला माणूस असेल, सायकलवाला असेल, तर प्लास्टिकच्या बंपरची धडक आणि लोखंडी पाइपची धडक यात फार फरक आहे. आपले रस्ते तुम्ही बघता. पळस्प्यापासून गोव्याकडे, जुन्या पुणे रस्त्याला, कंटेनरच्या गर्दीतून माणसं डोक्यावर भारा घेऊन रस्ता ओलांडतात. ती आपलीच माणसं आहेत. माझ्या बंपरचा रंग वाचावा म्हणून त्यांच्या हाडांचा जुगार मी खेळणार नाही.

पार्किंगमध्ये घासतं त्यासाठी कोपऱ्याला रबरी पट्टी चिकटवा, पन्नास-शंभर रुपयांत काम होतं. बाकी चार ओरखडे राहू द्या.

"गाडी कामाची आहे, ओरखडे पडणारच"

हे लिहिणार म्हटल्यावर एक मित्र म्हणाला, "एवढं कशाला? बैलगाडीला कुणी मॅट टाकली होती का?" त्याचं निम्मं खरं आहे. कामाच्या गाडीला ओरखडे पडतात, आणि पडावेत. नांगराच्या फाळाला गंज नसतो, कारण तो रोज मातीत घासतो. ओरखड्याची लाज मलाही आता वाटत नाही.

पण बैलगाडीची फळी लाकडाची होती आणि तिच्यावरून शेणखत जायचं, पिवळ्या त्रिकोणाची बाटली नाही. फळी कुजली की सुताराकडून एक बदलून घेता यायची. हौद्याचा तळ बदलायला गॅरेजवाला काय आकडा सांगतो ते विचारून बघा. पिकअपवाल्यांना तर पासिंगही आहे. पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. त्या वेळी भोक पडलेला तळ घेऊन उभं राहायचं म्हणजे दिवस गेला आणि भाडंही गेलं.

दुसरा मुद्दा विकण्याचा. गिऱ्हाईक बंपर बघतं, हे खरं. पण जाणता गिऱ्हाईक मॅट उचलून बघतो. मी स्वतः गाडी घेताना उचलून बघितली नव्हती. पुढच्या वेळी सगळ्यात आधी तीच उचलणार.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. औषध विकणाऱ्या दुकानदारांनी बाटली पिशवीत न देता झाकणाच्या डब्यात द्यावी, किंवा गिऱ्हाईकाला डबा आणायला सांगावं. कृषी विभागाच्या मंडळींनी फवारणीच्या प्रशिक्षणात मास्क-हातमोज्यांसोबत अर्धा तास वाहतुकीला द्यावा. आणि आपण शेतकऱ्यांनी या रविवारी गाडी धुताना बाहेरून कमी आणि आतून जास्त धुवावी.

मी त्या नवीन मॅटचं काय केलं? उपटून काढली. डिंकाचे डाग अजून पत्र्यावर आहेत, निघत नाहीत. बंपरवरची फिल्म मात्र अजून नवीकोरी चमकते. गाडीमागे उभा राहिलो की माझं तोंड त्यात दिसतं.

परवा नवीन तांदूळ भरून आणले. आईने गाडीजवळ येऊन आधी डिक्कीत डोकं घालून वास घेतला. मग कागद हाताने चाचपला. मग म्हणाली, "आण आत."

तुमच्या गाडीतली मॅट आज उचला आणि खाली काय सापडलं ते इथे लिहा. फोटो टाकलात तर आणखी बरं. लाजायचं कारण नाही, सुरुवात मी केली आहे.